बॅगेला किती उतारा?

दिवाळीच्या मागेपुढे रेणापुरात चहाला बसलं की एक प्रश्न हमखास कानी पडतो : ‘औंदा बॅगेला किती झालं?’ बाहेरगावच्या माणसाला हा हिशेब कळत नाही. सोयाबीनच्या बियाण्याची बॅग वर्षानुवर्षे 30 किलोची होती आणि एका एकराला बियाणंही साधारण तेवढंच लागतं. त्यामुळं बॅग म्हणजेच एकर, असं आमचं माप पडून गेलं. पुढं कमी वजनाच्याही बॅगा आल्या. माप मात्र तेच राहिलं. एक जण ‘आठ क्विंटल’ म्हणतो, दुसरा ‘बारा कट्टे’. कट्टा किती किलोचा, हे ज्याचं त्यालाच ठाऊक!

उताऱ्यानंतर विषय निघतो बियाण्याचा. ‘तीनशे पस्तीस’, ‘एकाहत्तर’, ‘संगम’ ही नावं घरच्या माणसांसारखी घेतली जातात. जेएस 335 हे जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं वाण. एमएयूएस 71, म्हणजे ‘समृद्धी’, आपल्या परभणीचं. ‘फुले संगम’ राहुरीच्या विद्यापीठाचं. त्याच्या केडीएस 726 या नावातली पहिली अक्षरं सांगलीजवळच्या कसबे डिग्रजची. वाण वेगळं आणि ते पिशवीत भरून विकणारी कंपनी वेगळी, हे गप्पांच्या भरात विसरलं जातं. एकच 335 अनेक नावांच्या पिशव्यांतून येतं.

सोयाबीनचं परागीकरण फुलातल्या फुलातच होतं. म्हणून घरच्या चांगल्या पिकातून राखलेल्या बियाण्यात वाणाचे गुण टिकतात. संकरित कापसाचं किंवा ज्वारीचं तसं नसतं. घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा, एवढंच काय, कंपनीचं नाव न लावता विकण्याचाही हक्क 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला दिला आहे.

पण हे बी फार नाजूक. साल पातळ आणि अंकुर अगदी सालीखाली. मळणी यंत्र जोरात फिरलं, टेम्पोतून पोतं आदळलं, थप्पी उंच लागली, की दाणा वरून चांगला दिसतो आणि आतून मुका होतो. काढणीच्या वेळी भिजलेल्या दाण्याचंही तसंच. 2019 च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं उभं सोयाबीन भिजलं आणि 2020 च्या खरिपात ‘उगवलंच नाही’ अशा तक्रारींचा मराठवाड्यात ढीग पडला. दुबार पेरणी म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी, आणि हातची गेलेली ओल. ती ओल कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आता जुन्या गाड्यांचं बघा. एचएमटी ट्रॅक्टरवर जीव असलेली माणसं आमच्याकडं अजून आहेत. तो धंदा बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनं 2016 मध्ये घेतला, तरी कुठून कुठून सुटे भाग आणून ते ट्रॅक्टर चालवतात. असा जुना ट्रॅक्टर घ्यायला गेलेला शेतकरी रंगाला भुलत नाही. थंड इंजिन चालू करायला लावतो, धूर बघतो, ऑईल बोटावर घासतो, ट्रॉली जोडून चढावर नेतो. हाच माणूस बियाण्याच्या दुकानात मात्र पिशवीवरचं चित्र बघून पैसे मोजतो!

मी असं म्हणालो, तर एक जण हसून म्हणाला, ‘चाचा, तुमचं बरं हाय, कवितेला बॅग लागत न्हाई.’ खरं आहे. पण कागदावरची ओळ खोडता येते, पेरलेली ओळ खोडता येत नाही.

म्हणून बियाण्याचीही परीक्षा घ्यावी. ती सोपी आहे. बी विकतचं असो की घरचं, न निवडता सरसकट 100 दाणे मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत अंतर ठेवून मांडावेत. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून हलकी गुंडाळी करावी. ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावं. सहा-सात दिवसांनी उघडून सशक्त कोंब मोजावेत. 70 किंवा त्याहून जास्त निघाले तर नेहमीच्या मापानं पेरावं. थोडे कमी असतील तर बियाणं त्या प्रमाणात वाढवावं. फारच कमी असतील तर ते बी पेरूच नये. शिवाय 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याखेरीज तिफण धरू नये.

विकतच्या बियाण्याची पावती, पिशवी, तिच्यावरची खूणचिठ्ठी आणि मूठभर दाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावेत. तक्रारीची वेळ आली तर तोच पुरावा. पण तक्रारीनं झालं तर भरपाई मिळते, हंगाम परत येत नाही. मृगाच्या आधीचा एक आठवडा आपल्या हातात असतो. तेवढ्यात हे 100 दाणे मोजून होतात.