दोन अतिउत्तरी गावांमधील अंतर व उड्डाणकाल

दोन स्थळांमधील अंतर ही एकच निश्चित संख्या होय, अशी सामान्य समजूत असते. अतिउत्तरेकडील प्रदेशांत ही समजूत कितपत टिकते, हे पाहण्यासाठी अलास्कातील उट्कियाग्विक (२०१६ पर्यंतचे अधिकृत नाव बॅरो) व स्वालबार द्वीपसमूहातील लाँगइयरब्येन ही दोन गावे घेऊ. पहिले ७१.३° उत्तर अक्षांश व १५६.८° पश्चिम रेखांशावर, तर दुसरे ७८.२° उत्तर अक्षांश व १५.६° पूर्व रेखांशावर वसलेले आहे.

मर्केटरच्या नकाशावर ही गावे परस्परांपासून अतिदूर दिसतात. त्या प्रक्षेपणात प्रत्येक अक्षवृत्त विषुववृत्ताएवढेच लांब काढले जाते. वस्तुतः ७५° अक्षवृत्ताची लांबी विषुववृत्ताच्या सुमारे चतुर्थांशच असते. या नकाशावरील सरळ रेषेने, म्हणजे एकच दिशाकोन कायम राखून गेल्यास, सुमारे ५,०१० कि.मी. प्रवास घडतो. लघुतम मार्ग मात्र बृहद्वृत्ताचा. उत्तर ध्रुव व ही दोन गावे यांचा गोलीय त्रिकोण कल्पिल्यास ध्रुवापासूनच्या दोन भुजा १८.७° व ११.८°, आणि त्यांमधील कोन सुमारे १७२.४° येतो. त्यावरून तिसरी भुजा ३०.४°, म्हणजे सुमारे ३,३८० कि.मी. ठरते. हा मार्ग ध्रुवापासून अवघ्या ११० कि.मी. अंतरावरून जातो.

या जवळच्या मार्गाची अडचण दिशेची आहे. निघताना विमानाचे तोंड जवळजवळ खऱ्या उत्तरेकडे असते, तर पोहोचताना जवळजवळ दक्षिणेकडे. आणि वैमानिकाने तर कोठेही वळण घेतलेले नसते. चुंबकीय होकायंत्रही या भागात भरवशाचे राहत नाही. एप्रिल १९२८ मध्ये ह्यूबर्ट विल्किन्स व कार्ल बेन आयल्सन यांनी पॉइंट बॅरोहून स्पिट्सबर्गेनपर्यंत एकाच इंजिनाच्या विमानातून उड्डाण केले, त्याचे महत्त्व यातच आहे. सुमारे ३,५०० कि.मी.च्या त्या उड्डाणास वीस तासांहून काहीसा अधिक वेळ लागला.

ताशी ८५० कि.मी. वेगाच्या जेट विमानास हेच लघुतम अंतर कापण्यास सुमारे चार तास पुरतील. चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास अधिक धरावा. ताशी १०० कि.मी.चा वारा सतत समोरून आल्यास चार तासांचे साडेचार होतील, पाठीमागून आल्यास साडेतीनच्या आसपास राहतील. म्हणजे अंतर तेच असता केवळ वाऱ्यामुळे सुमारे तासाभराचा फरक पडतो.

तथापि या गावांमध्ये थेट प्रवासी विमानसेवा नाही. अँकरेज, सिएटल, लंडन व ऑस्लो या क्रमाने गेल्यास केवळ हवाई अंतरच सुमारे १४,४०० कि.मी., म्हणजे लघुतम अंतराच्या चौपटीहून अधिक भरते. विमाने बदलताना होणारा खोळंबा निराळाच. उट्कियाग्विकला उर्वरित अलास्काशी जोडणारा रस्ता नाही. त्यामुळे तेथील रुग्णाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते जवळच्या विमानतळाच्या जाळ्याला, भूमितीला नव्हे.

यास्तव दुर्गम वस्त्यांच्या अभ्यासात अंतराचा आकडा देताना तो नकाशावरील रेषेचा, बृहद्वृत्ताचा की प्रत्यक्ष वाहतुकीचा, हे स्पष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. तसे न केल्यास गणित बिनचूक असूनही वस्तीच्या दुर्गमतेविषयीचा निष्कर्ष चुकीचा ठरेल.