चिमुकल्या पुतळ्यांचें रंगकाम

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आमच्या शाळेंतील एक विद्यार्थी भली मोठी पेटी घेऊन मजकडे आला. तींत पटावरील एक खेळ असून बोटाच्या दोन पेरांएवढ्या उंचीच्या प्लॅस्टिकच्या पंचवीस पुतळ्या होत्या. "सर, ह्यांना रंग द्यावा असें फार मनांत आहे, पण बाबा म्हणतात, मामांनीं दिलेली चांगली वस्तु बिघडवूं नकोस." मीं त्यास धीर दिला, दारांखिडक्यांसाठीं आणलेला उरलासुरला तैलरंग काढिला, आणि आम्हीं उभयतांनीं एक अस्वल रंगविलें. वाळल्यावर पाहतों तों डोळे, नाक, अंगावरील केस, सारें रंगाखालीं बुजून गेलेलें! वडिलांचें भाकीत खरें ठरलें, व दोष सर्वस्वीं माझा होता. तेव्हांपासून ह्या छंदाविषयीं जें कांहीं वाचून व करून शिकलों, तें विद्यार्थिमित्रांसाठीं, आणि त्यांच्या पालकांसाठींही, येथें देत आहें.

त्या खेळाचें नांव ‘साइद’. तो अमेरिकेंत २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. जेमी स्टेगमायर ह्यांनीं तो रचिला, आणि त्यांतील जग याकुब रुझाल्स्की ह्या पोलिश चित्रकाराच्या कल्पनेंतून आलें. काळ १९२० च्या सुमाराचा, पण युरोप कल्पित. शेतांत माणसें राबत आहेत आणि मागें धुक्यांत पायांवर चालणारीं प्रचंड पोलादी यंत्रें उभीं आहेत. अशा कल्पनासृष्टीस ‘स्टीमपंक’ म्हणतात. हा शब्द के. डब्ल्यू. जीटर ह्या कादंबरीकारानें १९८७ सालीं थोड्या विनोदानेंच योजिला. परंतु ज्यूल व्हर्न व एच. जी. वेल्स ह्यांच्या वाचकांस त्यांतील पितळी नळ्या व दातेरी चक्रें अपरिचित वाटणार नाहींत. (काटेकोर मंडळी म्हणतील कीं १९२० चें यंत्र वाफेचें नव्हे, डीझेलचें, तो वाद त्यांच्यावरच सोंपवूं.) पुतळ्या घेऊन खेळणें हें मोठ्यांस कमीपणाचें वाटावें असेंही नाहीं. ह्याच वेल्ससाहेबांनीं खेळांतल्या शिपायांच्या लढाईचे नियम १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ ह्या पुस्तकांत छापिले.

आतां मुख्य गोष्ट. पुरुषभर उंचीच्या पुतळ्यास एकच रंग दिला तरी वस्त्राच्या घड्यांत सावली आपोआप पडते. चिमुकल्या पुतळीची घडी केसाएवढी. दिव्याच्या उजेडांत ती दिसतच नाहीं. म्हणून येथें वस्तूच नव्हे, तर तिजवरील ऊन व छाया हींही रंगवावीं लागतात. हें ध्यानांत आलें म्हणजे पुढील सर्व कृतींचें कारण उलगडतें, आणि ज्या घड्यांत छाया भरावयाची त्याच जाड रंगानें लिंपून टाकणें हा केवढा प्रमाद, तेंही कळतें.

प्रथम पुतळी साबणाच्या कोमट पाण्यानें धुवावी, कारण सांच्यांतून सुटण्यासाठीं लाविलेला ओशट पदार्थ तिच्यावर राहतो व रंग धरूं देत नाहीं. मग अस्तर द्यावें. हें बहुधा फवाऱ्याच्या डब्यांतून देतात. पण आमच्याकडील पावसाळ्यांत दमट हवेमुळें तें खरखरीत व धुरकट बसतें, तेव्हां आषाढांत कुंचल्यानेंच द्यावें हें बरें. नंतर पाण्यांत मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून दोन हात द्यावे. एका हातांत झांकला गेला पाहिजे असा हट्ट धरूं नये. ते वाळल्यावर गडद तपकिरी रंगाचें अगदीं पातळ पाणी वरून सोडावें. तें उंचवट्यांवरून ओघळून खांचांत थांबतें, आणि पहातां पहातां छाया उभी राहते! शेवटीं कुंचला फिक्या रंगांत बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसावा व उंच कडांवरून हलकेच फिरवावा. तेवढ्यावरच रंग लागतो व ऊन पडल्याचा भास होतो.

यंत्रें रंगवितांना मुलें सर्वत्र गंज दाखवितात. गंज लोखंडास चढतो, पितळेस नाहीं. पितळी नळीस आधीं तपकिरी रंग, त्यावर पितळी झांकेचा रंग द्यावा. आणि सांधे, खिळे अशा पाणी थांबण्याच्या जागीं निळसर हिरव्या रंगाचा किंचित् पातळ थेंब सोडावा. आपल्या घरांतील तांब्यापितळेच्या भांड्यांवर चढणारा कळंक ज्यानें पाहिला आहे, त्यास ही छटा पुस्तकांत शोधावयास नको. गंजाचा तांबूस डाग मात्र पोलादी पायांवर, चिखल लागतो तेथें शोभतो.

रंगाच्या भरांत खेळ विसरूं नये. ‘साइद’मध्यें पोलानियाचा रंग पांढरा, नॉर्डिकांचा निळा, रुस्वियेतांचा तांबडा, सॅक्सनीचा काळा, क्रिमियाचा पिवळा. हीच पटावरील पक्षांची ओळख असल्यामुळें पुतळीच्या बैठकीची कड तरी पक्षाच्या रंगाचीच ठेवावी. पुठ्ठ्याच्या चकत्यांस पाण्याचा रंग लावूं नये, त्या फुगतात.

आणखी एक गोष्ट पालकांनीं अवश्य पाहावी. कुंचल्यास टोंक आणण्यासाठीं तो ओठांत धरण्याची संवय मुलांस पटकन लागते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यू जर्सींत घड्याळांच्या तबकड्या रंगविणाऱ्या मुली असाच कुंचला ओठांत धरीत. त्या रंगांत रेडियम होतें, आणि कित्येकींचे जबडे झिजून त्यांस मरण आलें. आपल्या रंगांत रेडियम नाहीं, परंतु कांहीं रंगद्रव्यें विषारी असतात. टोंक ओल्या फडक्यावर फिरवूनही येतें. जुन्या धातूच्या पुतळ्या पुष्कळदां शिशाच्या मिश्रणाच्या असतात; त्या घांसल्यावर हात धुवावे व चूर्ण पुसून घ्यावें.

उरलेल्या चोवीस पुतळ्या आमच्या विद्यार्थ्यानें पावसाळाभर एकेक करून रंगविल्या. त्यांतील सॅक्सनीचें एक यंत्र त्याच्या वडिलांनीं आपल्या लिहिण्याच्या टेबलावर ठेविलें आहे, व खेळावयाचें असलें म्हणजे तें मागून आणावें लागतें. पहिलें अस्वल मात्र तसेंच आहे. वाळलेला तैलरंग काढावयास तीव्र द्रव लागतो, आणि तो खालचें प्लॅस्टिकही खाईल अशी भीति. म्हणून त्यानें तें बदललें नाहीं. पटावर बसलों कीं पोलानियाचा पक्ष तो न चुकतां माझ्याच वांट्यास देतो.