पेन ड्राइव्ह आला? आधी तपासा, मग भरवसा ठेवा

आज आपण बोलणार आहोत एका बोटाएवढ्या वस्तूबद्दल, ती म्हणजे पेन ड्राइव्ह. बचत गटाचा हिशेब, कर्जासाठी स्कॅन केलेली कागदपत्रं, लग्नाचे फोटो, भजनी मंडळाची गाणी, सगळं त्यात मावतं. हल्ली तो मोबाइलवरून मागवला की घरपोच येतो. पण आलेला माल खरा आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. आम्ही स्वतः यात फसलो आहोत, म्हणून आधी आमचीच गोष्ट सांगतो.

आमच्या केंद्रानं गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. आवाजाबरोबर व्हिडिओही घेतले होते. कॅमेऱ्याची कार्डं भरली, म्हणून आम्ही ऑनलाइन एक पेन ड्राइव्ह मागवला. त्यावर लिहिलं होतं '२ टीबी' आणि किंमत होती ४९९ रुपये. संगणकाला लावला तर संगणकानंही तेवढीच जागा दाखवली. सगळं रेकॉर्डिंग त्यात टाकलं, फायलींची नावं दिसली आणि आम्ही निर्धास्तपणे कार्डं पुसून टाकली. तीन महिन्यांनी कार्यक्रमासाठी उघडायला गेलो, तर थोड्याच फायली चालल्या. बाकीच्यांची नावं तेवढी शिल्लक होती, आत काही नव्हतं. त्यातल्या एका आजींचं तोवर निधन झालं होतं. त्यांच्या लेकीनं आईचा आवाज मागितला, तेव्हा आमच्याकडे द्यायला काहीच नव्हतं.

असं कसं होतं? पेन ड्राइव्हमध्ये एक चिप माहिती साठवते आणि दुसरी संगणकाशी बोलते, म्हणजे 'माझ्यात एवढी जागा आहे' असं सांगते. फसवणारे लोक या बोलणाऱ्या चिपला खोटं शिकवतात. जागा १६ जीबीची असते, पण ती सांगते २ टीबी, म्हणजे २,००० जीबी. संगणक त्यावर विश्वास ठेवतो.

आपल्या गटाच्या वहीसारखं समजा. वही २० पानांची, पण पुठ्ठ्यावर छापलंय '२,००० पानं'. पुढच्या पानावर अनुक्रमणिका आहे. २० पानं भरली की पुढचा मजकूर एक तर पुन्हा पहिल्या पानावर, जुन्या अक्षरांवरच लिहिला जातो, नाही तर वाऱ्यावर जातो. अनुक्रमणिकेत मात्र सगळी नावं नीट दिसत राहतात. म्हणून थोड्या फायली टाकून बघितल्या तर पेन ड्राइव्ह चांगलाच वाटतो. जागा भरत आली की खरं रूप कळतं, आणि तोवर परत करायची मुदत संपलेली असते.

आता मागवताना काय बघायचं? पहिली गोष्ट किंमत. तालुक्याच्या ओळखीच्या दुकानात नामांकित कंपनीच्या ६४ जीबी पेन ड्राइव्हचा भाव विचारून ठेवा. ऑनलाइन तेवढ्याच पैशात १ टीबी किंवा २ टीबी मिळत असेल, तर तो माल खरा नाही असंच समजा. इतक्या जागेचे खरे पेन ड्राइव्ह त्याहून कितीतरी महाग असतात. आणि आपल्याला एवढी जागा लागतेच कुठे? गटाच्या कामाला ३२ किंवा ६४ जीबी पुष्कळ होतात.

दुसरी गोष्ट विकणारा. मोठ्या ऑनलाइन बाजारात हजारो दुकानदार असतात. बाजार नावाजलेला म्हणून प्रत्येक दुकानदार खरा असतो असं नाही. वस्तूखाली विक्रेत्याचं नाव असतं, ते वाचा. कंपनीच्या अधिकृत दुकानातूनच घेतलेलं बरं. तिसरी गोष्ट लोकांचे अभिप्राय. 'छान आहे, लवकर आला' असं पहिल्या दिवशी लिहिणाऱ्यांना काही कळलेलं नसतं. एक आणि दोन तारेवाले अभिप्राय वाचा. 'महिन्याभरात फोटो गेले', 'फाइल उघडत नाही' असं कुणी लिहिलं असेल तर तिथूनच मागे फिरा. आणि वस्तू परत करायची मुदत किती दिवसांची आहे, ते पैसे भरण्याआधी बघा.

पार्सल आलं की ते उघडताना कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. पाकिटावर एमआरपी, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक छापलेला असायला हवा. बिल जपून ठेवा.

मग त्याच दिवशी पेन ड्राइव्ह तपासा. विंडोजच्या संगणकावर 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचा मोफत प्रोग्राम चालतो. तो रिकामा पेन ड्राइव्ह पूर्ण भरतो, मग सगळं परत वाचून खरी जागा किती ते सांगतो. ६४ जीबीला दोन-तीन तासही लागू शकतात. गावातल्या सेवा केंद्रातल्या मुलाला किंवा संगणक शिकणाऱ्या लेकीला सांगा, ती करून देईल. हे जमत नसेल तर साधा उपाय आहे. मोठमोठे व्हिडिओ टाकून पेन ड्राइव्ह जवळजवळ पूर्ण भरा. तो काढून पुन्हा लावा. मग सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे व्हिडिओ चालवून बघा. सगळे नीट चालले तर ठीक. नुसती नावं बघून समाधान मानू नका.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ६४ जीबीचा खरा पेन ड्राइव्ह संगणकावर साधारण ५९ जीबीच दाखवतो. कंपनी हजारानं मोजते आणि संगणक १,०२४ नं, त्यामुळे हा फरक पडतो. ती फसवणूक नव्हे.

माल खोटा निघालाच तर गप्प बसू नका. ज्या ॲपवरून घेतला, त्याच ॲपमध्ये तक्रार करा, फोटो आणि तपासणीचा निकाल जोडा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

इथंच दुसरा चोर टपलेला असतो. पैसे परत मिळवायला इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही 'कस्टमर केअर' नंबरवर फोन करू नका, तो फसवणाऱ्याचाही असू शकतो. पैसे आपल्याला मिळायचे असतील तर यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. खात्यातून पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

आणि शेवटचं, आम्ही किंमत मोजून शिकलेलं. पेन ड्राइव्ह कितीही खरा असला तरी तो हरवतो, भिजतो, बिघडतो. म्हणून महत्त्वाच्या गोष्टींच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. एक गटाच्या पेटीत, दुसरी संगणकावर किंवा सचिवताईंच्या घरी. आणि नवी प्रत उघडून बघितल्याशिवाय जुनी पुसू नका. आमचे ४९९ रुपये पुढे परत मिळाले. इतर बायकांनी पुन्हा बसून ओव्या म्हटल्या, त्याही आम्ही रेकॉर्ड केल्या. त्या आजींच्या ओव्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत आपला पेन ड्राइव्ह बाहेर काढा आणि त्यातल्या चार फायली उघडून बघा. काय आढळलं ते आम्हाला नक्की कळवा.