संस्थापक वजा जाता

ऑगस्ट १९६४ मध्ये पॅरिसच्या उत्तरेला, कॉम्पिएन्यच्या जंगलालगत असलेल्या त्रोस्ली-ब्रय या खेड्यात पस्तिशीतल्या एका माणसाने एक लहानसे, मोडकळीला आलेले घर घेतले. त्याचे नाव जाँ व्हानिए. वडील कॅनडाचे गव्हर्नर जनरल, स्वतः आधी नौदलात अधिकारी, मग अ‍ॅरिस्टॉटलवर प्रबंध लिहिलेला तत्त्वज्ञानाचा डॉक्टर. आईवडील वारल्यावर वेड्यांच्या इस्पितळासारख्या एका बंदिस्त संस्थेत टाकले गेलेले, बौद्धिक अक्षमता असलेले दोन पुरुष त्याने आपल्या घरी राहायला आणले. खरे तर तिसराही एक होता, पण तो नव्या जागी इतका बिथरला की त्याला लगेच परत पाठवावे लागले. हा तिसरा माणूस गौरवलेखांत सहसा येत नाही. घरात धड सोयी नव्हत्या, कामाचा अनुभव शून्य होता आणि आराखडा असा काही नव्हताच. एकत्र राहायचे, एकत्र रांधायचे, एका टेबलाशी जेवायचे, एवढेच ठरलेले. या घराला त्याने नोहाच्या नौकेवरून ‘लार्श’ असे नाव दिले. १९६९ मध्ये कॅनडात टोरांटोजवळ ‘डेब्रेक’ सुरू झाले, १९७० मध्ये बंगळुरूला ‘आशा निकेतन’. आज पाचही खंडांतल्या तीसहून अधिक देशांमध्ये दीडशेच्या आसपास लार्श समुदाय आहेत. २०१५ मध्ये व्हानिएंना टेम्पलटन पुरस्कार मिळाला, जो पंचवीस वर्षांपूर्वी बाबा आमट्यांना मिळाला होता. ७ मे २०१९ रोजी व्हानिए वारले तेव्हा त्यांना संतपद मिळणार, असे अनेक कॅथलिक मंडळी उघड बोलत होती.

नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, लार्शनेच नेमलेल्या एका स्वतंत्र ब्रिटिश संस्थेच्या चौकशीचे निष्कर्ष लार्शने स्वतः जाहीर केले. १९७० ते २००५ या काळात व्हानिएंनी किमान सहा स्त्रियांचे आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून लैंगिक शोषण केले होते. जानेवारी २०२३ मध्ये इतिहास, समाजशास्त्र, मानसोपचार आणि धर्मशास्त्र यांच्या अभ्यासकांच्या आयोगाने सुमारे नऊशे पानांचा अहवाल दिला आणि हा आकडा किमान पंचवीसवर गेला. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढेच होती. व्हानिएंचे गुरू, डोमिनिकन धर्मगुरू तोमा फिलिप, यांना अशाच वर्तनाबद्दल १९५६ मध्ये रोमने शिक्षा केली होती. व्हानिएंना ते ठाऊक होते आणि आयुष्यभर त्यांनी ते नाकारले. गुरूभोवतीच्या जुन्या वर्तुळाला पुन्हा एकत्र येता यावे, हाही त्रोस्लीत घर मांडण्यामागचा एक हेतू होता, असे आयोगाला आढळले. या शोषणाच्या बळींमध्ये बौद्धिक अक्षमता असलेली एकही व्यक्ती असल्याचे चौकशीत दिसले नाही.

आता या कामाचे करायचे काय? मुळात विष असेल तर फळ गोड कसे, म्हणून सगळेच टाकून द्यावे, हा एक सरळ मार्ग. कॅनडात व्हानिएंच्या नावाच्या काही शाळांनी नावे बदलली, ते रास्तच होते. दुसरा मार्ग आपल्याकडे अधिक रुळलेला आहे: ‘माणूस गेला, आता कशाला ते, कामाकडे बघा.’ हे दोन्ही मार्ग एकाच सवयीतून निघतात. समाजकार्याकडे आपण संस्थापकाच्या चरित्रातून पाहतो. दिवाळी अंकांतले कर्मयोग्यांवरचे लेख आठवून पाहा. त्याग, खडतर पहिले दिवस, सहधर्मचारिणीची साथ, पुरस्कार. संस्थेत रात्री ड्युटीवर कोण असते, हे त्या लेखांतून कधी कळत नाही. लार्शच्या बाबतीत हा चष्मा कामाचा नाही, कारण संस्थापक वजा केल्यावरही तिथे काहीतरी उरते. जे उरते ते एका माणसाच्या करुणेपेक्षा एकत्र राहण्याच्या रीतीचे अधिक आहे. ती रीत जिथे पाळली गेली तिथे माणसे उभी राहिली, आणि जिथे एका माणसाला तिच्यातून सूट मिळाली तिथे घात झाला.

ही रीत दिसायला अगदी साधी आहे. एका घरात बौद्धिक अक्षमता असलेली चारसहा माणसे आणि त्यांच्याबरोबर तिथेच राहणारे सोबती. दिवसा कार्यशाळा, बाग किंवा बाहेरचे काम, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून स्वयंपाक आणि जेवण. वाढदिवस मात्र हटकून आणि सावकाश साजरा करायचा. ज्याचा वाढदिवस, त्याच्याबद्दल प्रत्येकाने काहीतरी बोलायचे. सोबती बहुधा तरुण असतात, वर्षदोन वर्षे राहून निघून जातात. घरात पंचवीसतीस वर्षे काढलेली असतात ती अक्षमता असलेल्या माणसांनी. म्हणजे घराचे जुने रहिवासी ते आणि पाहुणे सोबती. चहाचा कप कुठे ठेवायचा, कोणाला काय चालत नाही, हे नव्या सोबत्याला तेच शिकवतात. रुग्णालयात किंवा वसतिगृहात सत्ता कर्मचाऱ्याच्या बाजूला कलंडलेली असते, कारण जागा त्याच्या ओळखीची आणि रुग्ण परका. इथे हे गणित निदान थोडेतरी उलटे होते. हेन्री नाउएन हे डच धर्मगुरू येल आणि हार्वर्ड विद्यापीठांतली अध्यापकी सोडून १९८६ मध्ये डेब्रेकला राहायला गेले. तिथे त्यांच्या वाट्याला आले अ‍ॅडम नावाच्या तरुणाचे सकाळचे आवरून देण्याचे काम: उठवणे, आंघोळ, दाढी, कपडे, न्याहारी. अ‍ॅडम बोलत नसे, त्याला फिट येत आणि या सगळ्याला दोनेक तास लागत. नाउएन यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले. त्यातला धार्मिक उमाळा सगळ्यांना पचेलच असे नाही. पण एक नामवंत प्राध्यापक रोज सकाळचे दोन तास एका माणसाच्या दाढीआंघोळीला देतो आणि घरातल्या कोणालाही त्यात अप्रूप वाटत नाही, हा त्या रीतीचा पुरावा आहे.

मराठी वाचकाला इथे आनंदवन आठवणार, आणि फरकही तिथेच कळतो. बाबा आमट्यांनी १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ उभी केलेली वसाहत श्रमावर उभी होती. कुष्ठरोगाने बोटे झडलेली माणसे विहिरी खणत, शेती करत, कापड विणत आणि जगाला भाजी-दूध विकत. दया नको, काम द्या, या भूमिकेने हजारो माणसांना ताठ मान दिली. परंतु ताठ मान श्रमातूनच येत असेल, तर ज्याच्याकडून कधीच विकाऊ काम होणार नाही त्याने काय करायचे? अ‍ॅडमसारखा माणूस उत्पादनाच्या कोणत्याच हिशेबात बसत नाही. कुष्ठरोग्याच्या बाबतीत समाजाची चूक ही की तो काम करू शकतो हे त्याने पाहिले नाही. ती चूक काम दाखवून दुरुस्त करता येते. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाबाबत मात्र चूक हिशेबाच्या वहीतच आहे. लार्शने ती वही बाजूला सारली आणि माणसाचे मोल त्याच्या सोबतीत धरले. आनंदवनाने न सोडवलेला, किंबहुना त्याच्यापुढे त्या रूपात न आलेला, हा प्रश्न आहे.

व्हानिए काही एकटे नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवे. अक्षम माणसाला इतरांसारखेच सर्वसाधारण आयुष्य मिळावे हा विचार त्याच दशकात स्वीडनचे बेंग्ट निर्ये मांडत होते. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेतली कोंबून ठेवलेली मुले दूरदर्शनवर दिसली आणि अमेरिका हादरली. इटलीने १९७८ मध्ये कायदा करून मनोरुग्णालये मोडीत काढायला घेतली. मोठ्या भिंतींच्या संस्था पडणारच होत्या. लार्शने त्यांच्या जागी काय उभे करता येईल याचे एक उत्तर दिले.

यावर अपंग हक्क चळवळीचा आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. लार्शच्या साहित्यात अक्षमता असलेली माणसे ‘आपले गुरू’ असतात, त्यांच्या सहवासात आपले हृदय उघडते, वगैरे. मग ती माणसे कोणाच्या आध्यात्मिक प्रगतीचे साधन म्हणून जगतात की काय? नाउएन यांनी अ‍ॅडमकडून खूप काही घेतले. अ‍ॅडमला काय हवे होते? शिवाय २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातले १९ वे कलम, ज्या करारावर भारताने २००७ मध्ये शिक्कामोर्तब केले, सांगते की कुठे आणि कोणाबरोबर राहायचे ते अपंग व्यक्तीने स्वतः ठरवावे. त्रोस्लीला आणलेल्या त्या दोघांसमोर निवड होती ती बंदिस्त संस्था की व्हानिएंचे घर, एवढीच. परत पाठवलेल्या तिसऱ्यासमोर तर तीही उरली नाही. हा आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे. ‘गुरू’पणाची भाषा गोड असली तरी ती माणसाला पाटावर बसवून त्याचे तोंड बंद करते, गुरूने तक्रार करायची नसते. फक्त त्यावरून घर मोडावे असे निघत नाही, भाषा मोडावी असे निघते. निवड हवी असेल तर निवडण्याजोगे काहीतरी अस्तित्वात असावे लागते, आणि इस्पितळ व एकाकी खोली यांच्यामधली जागा लहान घरांनीच भरून काढली.

या गोड भाषेचे शोषणाशीही नाते आहे. व्हानिएंच्या बळी ठरलेल्या स्त्रिया मार्गदर्शनासाठी त्यांच्या खोलीत जात. तिथे दार बंद असे, नोंद नसे, तिसरा माणूस नसे आणि जे घडे त्याला दैवी प्रेमाचे नाव दिले जाई. याउलट घरातला साधा सोबती औषधांच्या नोंदी ठेवतो, खर्चाचा हिशेब देतो, सहकाऱ्यांसमोर काम करतो. फ्रान्स-कॅनडात सरकारी पैसा येतो तिथे तपासणीही येते. अक्षमता असलेली माणसे या नोंदींमुळेच सुरक्षित राहिली असा दावा करणे धाडसाचे होईल, तेवढा पुरावा नाही. संस्थापक मात्र या सगळ्या नोंदींच्या बाहेर होता, यात शंका नाही. कागदपत्रांमुळे सेवेतला ओलावा जातो, असे आपल्याकडे हमखास म्हटले जाते. ओलावा जात असेल, नसेल; लार्शमध्ये घात झाला तो कागद नसलेल्या खोलीत. आणि शेवटी सत्य बाहेर आले तेही चौकशी, साक्षी, जुनी पत्रे, अहवाल या रुक्ष वाटेनेच. स्वतःच्या संस्थापकाविरुद्ध अहवाल मागवून तो स्वतः प्रसिद्ध करणाऱ्या संस्था जगात मोजक्याच असतील. घरे त्यानंतरही चालू राहिली, कारण तिथल्या रहिवाशांना सकाळी उठवणारे हात व्हानिएंचे नव्हतेच.

महाराष्ट्रात हा प्रश्न दारापाशी येऊन ठेपलेला आहे. मुंबईच्या जय वकील शाळेपासून, म्हणजे १९४४ पासून, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षणाची वाट आपल्याकडे तयार होत गेली. पुण्यात कामायनी आली, अनेक गावांत विशेष शाळा निघाल्या. शाळा अठराव्या वर्षी संपते. पुढे संरक्षित कार्यशाळा मिळाली तर मिळाली, नाहीतर घर. पालकांच्या कोणत्याही बैठकीत बसले की एक प्रश्न येतोच: ‘आमच्या पश्चात याचे काय?’ २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्तींची नोंद सुमारे १५ लाख आहे. त्यातच आयुर्मान वाढते आहे. अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुष्य १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पंचवीस वर्षांच्या आसपास होते, आज ते साठीच्या घरात आहे. आपल्याकडेही वैद्यकीय सोयी पोचतील तिथे हेच होणार. आईवडील आधी जातात आणि मूल मागे उरते, ही आता अपवादाची गोष्ट राहिलेली नाही.

‘आपल्याकडे कुटुंब आहे, हे परदेशी खूळ कशाला?’ असे कोणी म्हणेल. कुटुंब आहे, पण त्याचा अर्थ बहुतेकदा एक आई, आणि तिच्यानंतर एखादी बहीण किंवा भावजय. दोन खोल्यांच्या घरात सासूचे आजारपण, मुलांच्या परीक्षा आणि चाळीस वर्षांचा दीर हे सगळे तिच्या अंगावर. तिने नाही म्हटले तर तिला निष्ठुर ठरवायला आपण मोकळे असतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. चारसहा माणसांच्या घराला दोनतीन सोबती लागतात, म्हणजे माणशी खर्च मोठ्या वसतिगृहापेक्षा जास्त. हे खरे आहे आणि त्यावर गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. मोठे वसतिगृह स्वस्त पडते कारण तिथे एका मदतनिसाला वीस जणांची आंघोळ उरकायची असते, आणि वीस जणांची आंघोळ उरकणारा माणूस कितीही मायाळू असला तरी शेवटी पाण्याचा पाइप हातात घेतो. पैसे वाचतात ते तिथे. केंद्र सरकारच्या ‘नॅशनल ट्रस्ट’च्या घरौंदा योजनेने प्रौढांच्या निवासाची गरज निदान मान्य केली आहे.

त्या ट्रस्टचा १९९९ चा कायदा मुळातून वाचण्यासारखा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालक नेमता येतो. ही नेमणूक करणारी स्थानिक समिती तीन जणांची असते: जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. पालकाने सहा महिन्यांत पाल्याच्या स्थावर मालमत्तेची यादी द्यायची, पुढे दरवर्षी हिशेब सादर करायचा. जमिनीच्या वाटण्या पाहिलेल्या कोणालाही ही तरतूद किती शहाणी आहे ते कळेल. पाल्य कोणाबरोबर जेवतो, त्याच्या खोलीला आतून कडी आहे का, संस्थेच्या प्रमुखाविरुद्धच तक्रार असेल तर ती कोण ऐकतो, याची यादी मात्र कोणी मागत नाही. समितीतली तिसरी व्यक्ती स्वतः बौद्धिक अक्षमता असलेली असावी, असे बंधनही कायद्यात नाही.