सिस्टर, तुमचं नाव काय?

घरातलं कोणी इस्पितळात असलं की आपण आठ-आठ दिवस तिथल्या नर्सबाईंना 'सिस्टर, सिस्टर' म्हणून हाका मारतो, घरी सोडायच्या दिवशी आठवणीनं पेढेही देतो. नाव मात्र विचारत नाही. आपलं एक सोडा. पण ऑपरेशनच्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या माणसांनाही कित्येकदा एकमेकांची नावं ठाऊक नसतात, हे वाचलं तेव्हा मी चाटच पडले!

हे लिहिणारे सर्जन म्हणजे डॉ. अतुल गावंडे. राहणारे अमेरिकेतले, पण त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली ऑपरेशनसाठी एक यादी काढली, ती तयार करणाऱ्यांचे हे प्रमुख. यादी म्हणजे आपल्या वाणसामानाच्या यादीसारखीच, एका कागदात मावणारी. कलमं १९. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि रोग्याला थिएटरबाहेर नेण्याआधी असं तीनदा थांबायचं नि ती मोठ्यानं विचारायची. रोगी हाच ना? ऑपरेशन कुठल्या बाजूचं? कुठल्या औषधाची ॲलर्जी? अँटिबायोटिक तासाभराच्या आत दिलंय का? सुया, हत्यारं, गॉज मोजून झाली का?

यातच एक कलम असं, की कापण्यापूर्वी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. वरवर पाहता पोरखेळच! पण गावंडे म्हणतात, सुरुवातीला एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे काही चुकतंय असं दिसलं तर बोलतो. शिकवणाऱ्या बाईला हे पटायला वेळ लागत नाही. पहिल्या दिवशी ज्या मुलानं उभं राहून नाव सांगितलं, तोच पुढे "बाई, फळ्यावर चुकलंय" म्हणतो. एरवी थिएटरमधली नवी नर्स म्हणजे सासरी आलेली नवी सूनच. मोठ्या डॉक्टरांचा हातमोजा नको तिथे लागलेला तिला दिसतो, पण बोलायचं कुणी? आणि तिच्या गप्प बसण्याची किंमत टेबलावरचा बेशुद्ध माणूस मोजतो.

ही यादी आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत वापरून पाहिली. त्यात आपली दिल्लीही होती. २००९ साली निकाल छापून आला: ऑपरेशननंतरचे मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, गुंतागुंत शेकडा ११ वरून ७ वर. गंमत अशी, की तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी शेकडा २० जणांना हे वेळखाऊ वाटलं, पण "तुमचंच ऑपरेशन असेल तर?" असं विचारल्यावर शेकडा ९३ जण म्हणाले, यादी हवीच!

पण मैत्रिणींनो, कागद म्हणजे जादू नव्हे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात १०१ इस्पितळांत ही यादी आली, आणि २०१४ साली हिशेब मांडला तर मृत्यूंत नाव घेण्याजोगा फरक नाही. का, यावर जाणकारांत वाद आहेत. मला विचाराल तर नुसत्या खुणा करणं वेगळं आणि थांबून बोलणं वेगळं. व्रताची पोथी भराभरा उरकतात तसंही हे उरकता येतं.

यादीतला शेवटचा थांबा मला फार आवडला. रोगी बाहेर जाण्याआधी सर्जन, भूल देणारे डॉक्टर आणि नर्स, तिघांनी मिळून विचार करायचा की या माणसाला बरं होताना कशाचा धोका आहे. इथे नर्सच्या शब्दालाही तेवढंच वजन.

आपल्याकडेही तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं २०१८ साली डॉक्टरकीच्या अभ्यासात बोलणं-वागणं आणि नीती यांचा खास भाग घातला, आणि २०१९ पासूनच्या विद्यार्थ्यांना तो शिकवला जातो. आलेल्या अनुभवावर मुलांनी विचार करून लिहायचं, असंही त्यात आहे. चांगलंच झालं.

घरचं कोणी ऑपरेशनला जाणार असेल, तर "ही यादी तुमच्याकडे वापरतात ना?" एवढं विचारायला संकोच कसला? ॲलर्जी कुणी विचारायची वाट न पाहता सांगून टाका, कागदावर लिहून द्या. आणि ड्यूटी बदलून नव्या सिस्टर आल्या, की आधी त्यांचं नाव विचारा.