न्हाणीघरांतील अदृश्य वायु

शहरांतील पुष्कळ घरांतून बंब गेला व त्याच्या जागीं गॅसवर चालणारा गीझर आला. बंबाचा धूर डोळ्यांत जाई आणि माणूस आपोआपच खिडकी उघडीत असे. नव्या यंत्रांत ही सूचना देणारा धूरच नाहीं.

गॅस जळावयास प्राणवायु लागतो. न्हाणीघर लहान, दार लावलेलें. त्यांत थंडीच्या भयानें झरोक्यास कागद चिकटविण्याची कित्येक गृहस्थांची खोड! अशा जागीं प्राणवायु अपुरा पडून ज्वलन अर्धवट होतें व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. त्यास ना रंग, ना वास. रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक घट्ट जडतो. डोकें जड होतें, मळमळतें, पाय लटपटतात. आणि तोंवर कडी काढण्याचें बळच उरत नाहीं. टाकीचा गॅस गळल्यास वासावरून कळतो, कारण त्यांत उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळलेलें असतें. तो भरंवसा येथें धरतां येत नाहीं.

गीझर बाहेर मोकळ्या हवेंत बसवून केवळ पाण्याची नळी आंत आणणें, हा खरा उपाय. तें शक्य नसल्यास दार उघडें ठेवून बादल्या आधीं भराव्या, गीझर बंद करावा, आंतील हवा पालटूं द्यावी व मगच स्नानास जावें. निळी ज्योत पिवळी दिसूं लागतांच कारागिरास बोलवावें.

आंतील माणसानें हांकेला ओ न दिल्यास दार फोडण्यास कचरूं नये. गॅस बंद करून त्यास उघड्या हवेंत आणावें, आणि शुद्ध आली तरी इस्पितळांत न्यावेंच.