तिनं रडावं तरी किती?

सामान्यज्ञान परीक्षेसाठी परवा लेकीचं पाठांतर घेत होते. ‘अमेरिकेच्या किती अध्यक्षांची हत्या झाली?’ तिनं घडाघडा सांगून टाकलं, ‘चार! लिंकन १८६५, गारफिल्ड १८८१, मॅककिन्ली १९०१, केनेडी १९६३.’ मी पान उलटणार, तोच म्हणाली, ‘आई, त्यांच्या बायकांचं पुढे काय झालं गं?’

पुस्तकात ते नव्हतं. मग मीच शोधून वाचलं आणि अस्वस्थ झाले.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात लिंकन पती-पत्नी शेजारी शेजारी बसून विनोदी नाटक बघत होते. बूथ नावाच्या नटानं मागून गोळी झाडली. समोरच्या घरात लिंकन मृत्यूशी झुंजत होते आणि मेरीचा आक्रोश थांबेना. शेवटी युद्धमंत्र्यांनी तिला खोलीबाहेर न्यायला सांगितलं. सकाळी नवऱ्यानं प्राण सोडला, तेव्हा ती त्याच्याजवळ नव्हती!

दोन मुलगे तिनं आधीच गमावले होते, १८७१ मध्ये तिसराही गेला. कर्ज फेडायला १८६७ मध्ये तिनं स्वतःचे जुने कपडे विकायला काढले, तर वर्तमानपत्रांनी तिची टर उडवली. १८७५ मध्ये उरलेल्या एकुलत्या एक मुलानं तिला कोर्टात उभं केलं आणि कोर्टानं तिला वेडी ठरवलं. काही महिने ती वेड्यांच्या इस्पितळात राहिली. वर्षभरानं कोर्टानंच सांगितलं, ही शहाणी आहे.

आता जॅकी केनेडी बघा. २२ नोव्हेंबर १९६३, डॅलस शहर. उघड्या मोटारीत तिच्या शेजारीच नवऱ्याला गोळ्या लागल्या. रक्तानं माखलेला गुलाबी पोशाख तिनं दिवसभर बदलला नाही. त्याच कपड्यांत ती नव्या अध्यक्षांच्या शपथविधीला उभी राहिली. तीन दिवसांनी अंत्ययात्रा निघाली, त्या दिवशी तिच्या धाकट्या मुलाचा तिसरा वाढदिवस होता. सगळं जग म्हणालं, बाई असावी तर अशी, खंबीर! पण १९६८ मध्ये तिनं दुसरं लग्न केलं मात्र, त्याच जगानं तिला नावं ठेवली.

म्हणजे रडली ती वेडी, आवरलं ती थोर, आणि पुन्हा जगायला निघाली ती वाईट!

वाचता वाचता मला आमच्या गल्लीतल्या एक वहिनी आठवल्या. त्यांचे यजमान अचानक गेले. तेराव्याला आम्ही बायका कुजबुजत होतो, ‘डोळ्यांत टिपूस नाही हो!’ त्या घोळक्यात मीही होते. दोन लहान मुलांना जेवायला वाढत ती बाई तेव्हा काय गिळत होती, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

काल संध्याकाळी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा टाकला. इतक्या वर्षांनी मी विचारलं, ‘वहिनी, तेव्हा कसं निभावलंत हो?’ त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग पदर डोळ्यांना लावला आणि बोलत राहिल्या. चहा पार गार झाला.

मैत्रिणींनो, दुसरीचं दुःख मोजायची पट्टी आपल्या हाती कुणी दिली?